आजोबांचं दाढीचं मशीन: उजळावं की तसंच जपावं?

चवथीच्या आधी घर आवरायला घेतलं की माळ्यावरून, फडताळाच्या मागून, न्हाणीच्या कोनाड्यातून काय काय निघतं. गोव्यातल्या जुन्या घरांत त्यात बरेचदा एखादं दाढीचं मशीन असतं, विजेचं नव्हे, पातं बदलून वापरायचा जुना रेझर. काळवंडलेलं, साबणाने पांढरं पडलेलं, दांड्याच्या खाचांत हिरवा कळंक चढलेलं. आजोबांचं, नाहीतर आगबोटीवर नोकरीला गेलेल्या कुणा तारवटी काकांचं. बोटीवरची माणसं सुट्टीवर येताना घड्याळ, पेन, रेझर ट्रंकेत घालून आणायची, आणि त्यातलं पुष्कळ अजून घराघरांत पडून आहे.

ते हातात आलं की पहिली इच्छा होते ती घासायची. त्या इच्छेत आणि प्रत्यक्ष घासण्यात निदान एका दिवसाचं अंतर पडावं म्हणून हे लिहितो आहे.

मी ते अंतर ठेवलं नव्हतं. आजोबांचं मशीन पिवळं दिसलं, म्हणून ते पितळेचं समजलो आणि समईबरोबर चिंच-मीठ लावून काथ्याने घासलं. समई झळाळली. मशीनचा पिवळेपणा मात्र बदलत गेला. आधीचा उबदार रंग उतरला आणि खाली फिकट, मधेमधे गुलाबी डाग पडलेला धातू दिसू लागला. ज्याला मी पितळ समजलो होतो ते सोन्याचं पाणी होतं, आणि खालचं पितळ आता वर आलं होतं. ‘पितळ उघडं पडणं’ आपण रोज बोलतो. ते शब्दशः कसं दिसतं ते मी त्या दुपारी पाहिलं. त्या दिवसापासून एक नियम पाळतो: मळ केव्हाही काढता येतो, पण काढलेला मूळ मुलामा परत बसत नाही. म्हणून आधी फक्त मळ काढायचा, आणि बाकीचं नंतर ठरवायचं.

पायरी १: पातं काढा, फोटो घ्या

आत जुनं पातं असू शकतं. गंजून चिकटलेलं असेल तर ओढू नका. मशीनचं डोकं कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग टोपी, म्हणजे पात्यावरचं झाकण, अलगद सोडवा आणि पातं दोन्ही टोकांच्या बोथट बाजूंनी धरून उचला. जाड कागदात गुंडाळून चिकटपट्टी लावा आणि मगच कचऱ्यात टाका, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही. तुमचा हात कापलाच तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

मशीन जसं सापडलं तसे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. डबी, पात्याचं पाकीट, दुकानाची चिठ्ठी, यातलं काही असेल तर ते वेगळ्या लिफाफ्यात ठेवा. पोर्तुगीज अमलातल्या एखाद्या दुकानाचा छाप असलेली डबी, मग ती फाटकी का असेना, मशीनइतकीच मोलाची आहे. पुसायची म्हणून ओलं फडकं लावलंत तर छाप जाईल.

पायरी २: हातात काय आहे ते ओळखा

किंग कॅम्प जिलेट यांना बदलत्या पात्याच्या मशीनचं अमेरिकन पेटंट नोव्हेंबर १९०४ मध्ये मिळालं. त्याआधीच्या वर्षी, १९०३ मध्ये, त्यांच्या कंपनीची जेमतेम ५१ मशीनं खपली होती. पुढच्याच वर्षी हा आकडा ९० हजारांवर गेला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख मशीनं घेतली. हे आकडे देण्याचं कारण असं की जुनं म्हणजे दुर्मीळ, ही समजूत आधी सोडावी. १९३८ पासूनचं ‘टेक’ आणि १९४७ पासूनचं ‘सुपर स्पीड’ ही मॉडेलं प्रचंड संख्येने बनली. तुमच्या हातातलं यांपैकी असेल तर बाजारात त्याला फारशी किंमत नाही. घरात असेल, आणि तिचा विचार पुढे करायचा आहेच.

डोक्याची खालची बाजू आणि पात्याखालची पट्टी भिंगाखाली पाहा. कंपनीचं नाव, देश, पेटंटची ओळ तिथेच असते. १९५१ नंतरच्या अमेरिकन जिलेट मशीनवर एक अक्षर आणि एक आकडा सापडतो. अक्षर वर्षाचं, आकडा तिमाहीचा. ‘ए’ म्हणजे १९५५, ‘बी’ म्हणजे १९५६, असं पुढे. ‘सी ३’ दिसलं तर ते १९५७ च्या जुलै ते सप्टेंबरमधलं. ही अक्षरं बारीक आणि उथळ असतात, आणि घासण्यात सर्वात आधी तीच जातात.

मग धातू. बहुतेक चांगली मशीनं आतून पितळेची, वरून निकेल, चांदी, सोनं किंवा क्रोमचा मुलामा दिलेली असतात. काही हलकी ॲल्युमिनियमची, तर काही स्वस्तातली जस्ताच्या मिश्रधातूची. लोहचुंबक लावा. घट्ट चिकटलं तर आत पोलाद आहे, म्हणजे गंजाची भीती. चिकटलं नाही आणि हाताला जड लागलं तर पितळ किंवा जस्त. खूपच हलकं असेल तर ॲल्युमिनियम.

पिवळा रंग दिसला की जास्त सावध व्हा. मी जिथे चुकलो ती जागा हीच. दांड्यावरची जाळीदार नक्षी उजेडात तिरकी धरा. नक्षीचे उंचवटे हाताला रोज घासतात, खाचा झाकलेल्या राहतात. उंचवटे पिवळे आणि खाचा करड्या-पांढऱ्या असतील, तर मुलामा निकेलचा होता, तो वरवर झिजलाय आणि खालचं पितळ डोकावतंय. खाचांत गर्द सोनेरी आणि उंचवट्यांवर वेगळाच फिकट रंग असेल, तर मुलामा सोन्याचा आहे. टोपीची आतली बाजू पाहून खात्री करा. तिथे बोट पोचत नाही, म्हणून मूळ रंग तिथे टिकतो.

पायरी ३: धुवा, एवढंच

वाटीभर कोमट पाणी, भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब, मऊ केसांचा जुना टूथब्रश. सोन्याच्या मुलाम्याला रिठ्याचं पाणी चांगलं. आपले शेट लोक, म्हणजे सोनार, दागिने त्यानेच धुतात. वीस मिनिटं भिजवा, हलक्या हाताने ब्रश फिरवा, पाणी बदला, पुन्हा करा. खाचांतला साबणाचा थर दात कोरायच्या लाकडी काडीने निघतो. सुई, पिन, चाकू जवळ आणू नका. दांडा प्लास्टिकचा किंवा बेकेलाइटचा असेल तर भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

दांड्याच्या तळाची कळ फिरवली की वरची दोन दारं उघडतात, अशा मशीनला थोडी जास्त माया लागते. त्याच्या पोटात पाणी साठून राहतं. दारं उघडी ठेवून उलटं धरा, पाणी झटका, पंख्याखाली रात्रभर ठेवा. कळ जड फिरत असेल तर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल वापरू नका. घरात ते सगळ्यात आधी हाताला लागतं, पण काही महिन्यांत खवट होऊन चिकट बसतं आणि कळ आधीपेक्षा जड होते.

काय लावायचं नाही, आणि का:

चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर. आंबटाने पितळेतलं जस्त निघतं आणि तांबं वर येतं. माझ्या मशीनवरचे गुलाबी डाग त्याचेच. जस्ताच्या मिश्रधातूचं तर आंबट याहून वाटोळं करतं.

धुण्याचा सोडा. ॲल्युमिनियम त्यात काळं पडतं.

ब्लीच. धातूला बारीक खड्डे पडतात.

उकळतं पाणी. सोनेरी मशीनवर पुष्कळदा पारदर्शक लाखेचा थर असतो, तो सुटतो.

अमोनिया असलेले काचपुसणे द्रव. याची गोष्ट आपल्याकडच्या पावसाळ्याचीच आहे. ब्रिटिश सैन्याच्या हिंदुस्थानातल्या घोड्यांच्या पागांत पितळी काडतुसं साठवलेली असत. पावसाळ्यात त्यांना आपोआप तडे जात. कारण कळलं ते १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळेत आधीच असलेला ताण, तिन्ही एकत्र आले की धातू फुटतो. जुन्या मशीनचे पातळ नळीचे दांडेही असेच ताण सोसत असतात. तेव्हा अमोनिया लांबच ठेवा.

धुऊन झालं की मऊ सुती फडक्याने कोरडं करा. आता एक दिवस काहीही करू नका.

पायरी ४: मळ, डाग, झीज आणि इजा

दुसऱ्या दिवशी सकाळी, खिडकीशी बसून, भिंग घेऊन पाहा. कालपर्यंत जे ‘खराब’ वाटत होतं त्यातलं अर्धं गेलेलं असतं. उरलेलं चार प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचा निकाल वेगळा लागतो.

उरलेला मळ म्हणजे पांढरा क्षार आणि साबण. पुन्हा धुतलं की जातो.

डाग म्हणजे धातूच्या पृष्ठावर हवेने, घामाने चढलेला रंग. चांदी काळी पडते, निकेल पिवळट-करडं होतं. पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते जसं कळकतं, त्याच जातीचा हिरवा कळंक मुलाम्याच्या भेगांतून वर येतो. कळंक मात्र ठेवू नये, तो आत खात जातो. काडीने कोरडाच खरवडा, मग साबणाने धुवा. खाली छोटा खड्डा दिसेल, तो राहणारच.

झीज म्हणजे वापराने गेलेला मुलामा. तिला मी दोष मानत नाही.

इजा म्हणजे तडा, पात्याखालच्या फणीचा वाकलेला दात, ढिले आटे, फुगलेला मुलामा. दांड्याचं वरचं टोक, जिथे स्क्रू आत जातो, ते फिरवत फिरवत पाहा. जुन्या पातळ दांड्यांना तिथे केसासारखा उभा तडा असतो. नख फिरवलं तर अडकतं. असं मशीन घट्ट पिळलं की तडा वाढतो आणि एक दिवस दाढी करताना डोकं सैल होतं. हे कपाटात ठेवायचं मशीन, गालावर चालवायचं नव्हे.

पायरी ५: पातं लावून बघा

पुढे याने दाढी करायची असेल तरच ही पायरी. नवं पातं घ्या, कोणत्याही ब्रँडचं चालेल. दोन धारांची पाती सगळीकडे सारख्याच मापाची मिळतात: साधारण ४३ मिलिमीटर लांब, २२ रुंद आणि जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा. इतकं पातळ पोलाद सरळ राहतं ते केवळ टोपी आणि खालची पट्टी दोन्हीकडून सारखं दाबतात म्हणून. म्हणजे मशीनचं खरं काम दाबण्याचं, आणि तपासायचं तेच.

मशीन बंद करून डोळ्यांच्या रेषेत, उजेडाकडे धरा. दोन्ही बाजूंना पात्याची धार सारखीच बाहेर दिसायला हवी, आणि धारेखालची फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी हवी. एका बाजूला जास्त पातं डोकावत असेल तर उघडून पातं नीट बसवून पुन्हा बंद करा. दोन-तीनदा करूनही तसंच राहिलं तर डोकं वाकलेलं आहे. वाकलेले दात पकडीने सरळ करायला जाऊ नका. जुना धातू वाकण्याआधी तुटतो.

सगळं जुळलं तर साबणाने धुतलेलं मशीन सर्जिकल स्पिरिटने पुसून घ्या. लाखेचा थर किंवा प्लास्टिकचा दांडा असेल तर स्पिरिट नको, साबण पुरे. बाजारातून, म्हापशाच्या शुक्रवारच्या गर्दीतून किंवा हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारातून घेतलेलं मशीन असेल तर ही पायरी गाळायची नाही.

पायरी ६: आता ठरवा

इथे नियम कमी, विचार जास्त. मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

हे कुणाचं आहे? घरातल्या माणसाचं असेल तर ज्यांनी त्या माणसाला दाढी करताना पाहिलंय त्यांना आधी दाखवा. माझ्या काकांचं तीन तुकड्यांचं ‘टेक’ मिळालं तेव्हा टोपीचा एक कोपरा चेपलेला होता. मला ते खटकत होतं, हलक्या हातोडीने सरळ करावं असं मनात होतं. आतेला दाखवलं. तिने चष्मा वर सरकवून कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “अरे, हे भाऊचंच. विहिरीच्या दगडावर आपटून फेस झाडायचा तो. आई रोज ओरडायची.” तो चेपलेला कोपरा माझ्याकडे नसता, तर काकांची ती सकाळ मला कधी कळलीच नसती. मी त्याला हात लावला नाही. पातं दोन्ही बाजूंना सारखं बसतं, म्हणून रविवारी त्यानेच दाढी करतो.

मी रोज वापरणार का? वापरणार असाल, मॉडेल सर्रास मिळणारं असेल आणि मुलामा जवळपास सगळा गेलेला असेल, तर नवा मुलामा देण्यात काही पाप नाही. उघडं पितळ रोज ओलं होऊन काळवंडत राहतं, ते झाकलेलं बरं. मुलामा ७० टक्के टिकून असेल तर मात्र मी कधीच सांगणार नाही.

दुर्मीळ आहे का? १९२० च्या आधीचं, चांदी-सोन्याचं, मूळ डबीसकट, किंवा तुम्हाला ओळखताच न आलेलं मशीन असेल तर धुऊन थांबा. जे ओळखता आलं नाही त्यावर प्रयोग करू नये. संग्रह करणारेही मूळ झिजका मुलामा नव्यापेक्षा पसंत करतात.

मधला रस्ताही आहे, हलकं उजळणं. फक्त क्रोम किंवा जाड निकेलवर. धातूचं सौम्य पॉलिश, मऊ फडकं, दोन मिनिटं, अक्षरांच्या जागा सोडून. फडकं काळं येत राहील. मळ तर आधीच गेलेला असतो. मग हा काळा कशाचा? तो धातू आहे, तुमच्या मशीनचा. म्हणून दोन मिनिटांवर थांबायचं. सोन्याच्या पाण्यावर हे अजिबात नको.

पायरी ७: मुलामा द्यायचाच असेल तर

घरी रसायनं आणून करू नका. ती विषारी असतात. कारागिराकडे जा आणि आधी विचारा. आजोबांचं मशीन घेऊन मी आमच्या शेटकडे गेलो होतो. “शेट, यावर पुन्हा पाणी चढेल?” त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं. “चढेल भाई. पण हे डाग घासून सपाट करावे लागणार, आणि खालची ही अक्षरं राहतील असं मी सांगत नाही.” मी ते परत घेऊन आलो. आजही ते तसंच आहे, फिकट आणि गुलाबी.

अडचण इथेच असते. नवा मुलामा चढवायच्या आधी जुना काढतात आणि चाकावर घासून गुळगुळीत करतात. त्या चाकाखाली नक्षीचे कोपरे गोल होतात, अक्षरं पुसट होतात, फणीचे दात बारीक होतात. वाहनांच्या भागांवर क्रोम चढवणाऱ्या कारखान्यात तर हात जड असतो. तेव्हा सांगा: चाक डोक्याच्या आतल्या बाजूला लावू नका, आट्यांवर मुलामा जाड करू नका, नाहीतर दांडा बसणार नाही. आधी एखादं बिनमहत्त्वाचं मशीन देऊन हात पाहा.

खोट्या दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या बकलाने अंगावर खाज उठत असेल तर निकेल टाळा. जस्ताच्या मिश्रधातूच्या आणि ॲल्युमिनियमच्या मशीनला मुलामा द्यायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ८: पावसाळ्यातून काढा

वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि वर समुद्राची खारी हवा, अशा ठिकाणी ठेवणं हे निम्मं काम आहे. पातं आत ठेवून मशीन कधी ठेवू नका. आटे सैल ठेवा. मूळ चामडी किंवा मखमली डबीत मशीन ठेवायचा मोह होतो, पण चामडं ओल धरतं आणि पितळेवर कळंक आणतं. डबी शेजारी ठेवा, मशीन सुती कापडात. रबरबँड गुंडाळू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, डबा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा उघडा, पुसा, पुड्या वाळवा.

आणि डब्यात एक कागद ठेवा, पेन्सिलने लिहिलेला, कारण शाई ओलीत पसरते. कुणाचं मशीन, कुठून आलं, कधी सापडलं, तुम्ही त्याला काय केलं आणि काय केलं नाही. माझ्या काकांच्या डब्यातल्या कागदावर शेवटची ओळ आहे: ‘टोपीचा कोपरा विहिरीच्या दगडाने चेपला आहे, सरळ करू नये.’